१६० म्हणजे कमी का? अंकिता रैना आणि पुण्यातलं मुलींचं टेनिस

नळस्टॉप
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा.

आमच्या कट्ट्यावर अंकिता रैनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "चांगली होती, पण मोठं काही जमलं नाही." मला हे पटत नाही. ही मुलगी मूळची अहमदाबादची. शाळकरी वयात टेनिससाठी आईबरोबर पुण्याला आली आणि पीवायसी जिमखान्यावर प्रशिक्षक हेमंत बेंद्रेंच्या हाताखाली घडली. २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या फेड कपमध्ये (आताचा बिली जीन किंग कप) तिनं कझाकस्तानच्या पुतिन्त्सेवाला हरवलं, तेव्हा पुतिन्त्सेवा ८१ वर होती आणि अंकिता २५० च्याही बाहेर. त्याच वर्षी ती पहिल्या २०० त आली आणि जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेतलं. एकेरीत पदक मिळवणारी सानियानंतरची ती दुसरीच भारतीय बाई. २०१९ मध्ये चीनमध्ये सॅम स्टोसरला हरवलं, म्हणजे यूएस ओपन जिंकलेल्या खेळाडूला. मार्च २०२० मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत १६०.

आणि त्याच महिन्यात कोविडमुळे सगळा दौरा बंद! ऐन भरात गाडी यार्डात.

तर प्रश्न असा. पुण्यात तयार झालेली मुलगी १६० पर्यंत गेली. पुढची मुलगी १०० च्या आत जायची तर काय बदलावं लागेल? की आपली उडी इथपर्यंतच? जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, नाहीतर धागा चालायचा नाही.

तिरकस_तात्या
अजाणकार म्हणून पहिला नंबर माझा. आमच्या सोसायटीत मी बॅडमिंटनमध्ये तिसरा आहे. एकूण चार जण खेळतात. १६० ला नावं ठेवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या क्षेत्रातलं जागतिक रँकिंग जाहीर करावं.

लकडीपूल
धागा चांगला आहे पण भावनेच्या भरात लिहिलाय, राग नको.

१६० हा आकडा टेनिसमध्ये फार वाईट जागी येतो. ग्रँड स्लॅममध्ये मुलींचा मुख्य ड्रॉ १२८ जणींचा. त्यात १०४ जणींना रँकिंगवर थेट प्रवेश, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्डकार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीनं. म्हणजे १०४ व्या नंबरची पोरगी नुसती कोर्टवर उतरून पहिल्या फेरीत हरली तरी तिचा वर्षाचा बराचसा खर्च निघतो. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरलात तर ३५ हजार. वर्षात चार ग्रँड स्लॅम, करा हिशोब. १०४ आणि १६० मध्ये खेळाचा फरक असेल थोडासाच, पैशाचा फरक मात्र चौपट.

त्यामुळे "मोठं काही जमलं नाही" हे कट्ट्यावरचं बोलणं क्रूर आहे, पण तो खेळच तसा क्रूर आहे. अंकिताला ग्रँड स्लॅममध्ये एकेरीचा मुख्य ड्रॉ मिळालाच नाही. २०२१ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रतेत शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि तिथे हरली.

सुमेधा_ज
लकडीपूल, पण त्याच दौऱ्यात तिनं दुहेरीचा मुख्य ड्रॉ खेळला आणि लगेच मेलबर्नलाच फिलिप आयलंड ट्रॉफी जिंकली, रखिमोवाबरोबर. डब्ल्यूटीए २५० चं, म्हणजे महिलांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यातलं विजेतेपद. ते का गाळलंत?

लकडीपूल
प्रश्न एकेरीतल्या १०० चा आहे म्हणून. दुहेरीत आपण सगळेच शूर.

तिरकस_तात्या
दुहेरीत शूर! सही. लग्नाचा वाढदिवस आहे आज, हेच वाक्य घरी ऐकवतो.

बॅकहँडबाई
मी स्वतः खेळलेय. राज्य पातळीपर्यंत, पुढे गुडघ्यानं राम म्हटला. दोन गोष्टी सांगते, कारण रँकिंग कसं चढतं ते बहुतेकांना माहीत नसतं आणि तिथेच खरी मेख आहे.

खालच्या पायरीवर आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा. डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५, १००. हल्ली सोपं केलंय, जिंकणारीला नावातलाच आकडा मिळतो: डब्ल्यू ३५ जिंकलात, ३५ गुण. वर डब्ल्यूटीए १२५, २५०, ५००, १०००, आणि ग्रँड स्लॅमला २०००. तुमच्या वर्षभरातल्या सगळ्या स्पर्धा मोजत नाहीत, ठरावीक सर्वोत्तम निकालच धरतात. त्यामुळे डब्ल्यू १५ जिंकून जिंकून माणूस एका उंचीवर जाऊन थांबतो. पाच डब्ल्यू १५ जिंका, एकूण ७५. तेवढ्यात एखादी एकच डब्ल्यू १०० जिंकून पुढे निघूनही गेलेली असते.

आता दुसरी मेख. मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. मागच्या डिसेंबरमध्ये जिंकलेली स्पर्धा या डिसेंबरमध्ये परत जिंकावी लागते, निदान तेवढे गुण दुसरीकडून आणावे लागतात. त्यामुळे "चढणं" हा शब्दच फसवा आहे. एका जागी टिकून राहायलासुद्धा आदल्या वर्षीएवढं जिंकावं लागतं. एक स्नायू दुखावला, तीन महिने घरी बसलात की ७० जागा खाली.

म्हणून अंकितानं वर्षानुवर्षं २०० च्या आसपास राहणं ही गंमत नाही. ज्यांनी सामान उचलून एका गावाहून दुसऱ्या गावी पात्रता फेरीच्या साइन-इनसाठी (नाव नोंदवायला) धावपळ केलीय त्यांनाच कळेल.

पर्वतीपायथा
बॅकहँडबाई, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

खडूस_काका
एवढं गणित येत असेल तर मुलींनी सीए व्हावं. तिथले गुण ५२ आठवड्यांनी गळत नाहीत.

गार्गीची_आई
काका, तुमच्यासारख्यांमुळेच लिहितेय. माझी मुलगी खेळते. अंडर १४. एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटना) टॅलेंट सिरीजपासून सुरुवात केली, आता चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज असं चाललंय.

बाहेरून लोकांना वाटतं रॅकेट घ्या आणि खेळा. रॅकेट हा सगळ्यात कमी खर्च. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, तुटतं. पॉलीचं गटिंग तुटलं नाही तरी मरतं, म्हणजे चेंडू तारेवरून उडत नाही, थबकतो. पोरगी लगेच सांगते, "आई, डेड झालंय." सामन्याला किमान दोन रॅकेट सारख्या ताणाच्या लागतात. बूट सहा महिने टिकले तर नशीब, सिंथेटिक कोर्ट तळवा खाऊन टाकतं. चेंडूचा डबा उघडला की पहिले तासभर नवे, मग त्यांचं प्रॅक्टिसच्या टोपलीत प्रमोशन. फिजिओ वेगळा, फिटनेसवाला सर वेगळा. आणि स्पर्धा गावात नसेल तर मी रजा टाकून बरोबर. चेन्नई, कोलकाता, चंडीगड. हॉटेल कोर्टच्या जवळ हवं, कारण ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे सामन्यांचा क्रम, रात्री येतो आणि सकाळी आठला पहिला सामना आपलाच असतो. नेहमी आपलाच.

शाळेचं तर विचारूच नका. आधीच्या शाळेत हजेरीवरून इतकं ऐकून घेतलं की शेवटी शाळा बदलली. आता नववीनंतर ओपन स्कूलिंगचा विचार आहे. सासूबाईंनी अबोला धरलाय. मी अजून ठरवलेलं नाही, कुणी केलं असेल तर प्लीज लिहा.

अंकिताच्या आईबद्दल वाचते तेव्हा मला खेळाडूपेक्षा आईचंच जास्त कौतुक वाटतं, खरं सांगते.

सुमेधा_ज
गार्गीची आई, ओपन स्कूलिंगबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या दिरांच्या मुलीनं केलं (पोहणं). दहावी व्यवस्थित झाली, आभाळ कोसळलं नाही. विषय तुकड्या-तुकड्यानं देता येतात हा मोठा फायदा.

खडूस_काका
मी विरोधात नाही. माझा मुद्दा एवढाच की हजार पोरींतली एक वर जाते, बाकी ९९९ चं काय हे अकादमीवाले सांगत नाहीत.

गार्गीची_आई
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. आम्ही आधी ज्या अकादमीत होतो तिथे एका कोर्टवर आठ मुलं, एक सर आणि एक मार्कर (सरावाला चेंडू टाकणारा). तासात माझ्या मुलीच्या वाट्याला किती चेंडू येतात ते मी कठड्यावर बसून बघायची. बाकी वेळ रांगेत उभं राहून पाण्याची बाटली उघड-बंद. आणि फी प्रोग्रॅमच्या नावाप्रमाणे: 'हाय परफॉर्मन्स'. परफॉर्मन्स बाटलीच्या झाकणाचा.

डबलफॉल्ट
बाटलीचं झाकण 😂😂

अटलांटाकर
इकडून लिहितोय. या चर्चेत अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा रस्ता अजून कसा आला नाही?

ऋतुजा भोसले. पुण्याचीच. ती टेक्सस ए अँड एमला खेळली. चार वर्षं कोच, कोर्ट, फिजिओ, प्रवास, सगळं विद्यापीठाकडून, वर डिग्री. परत येऊन व्यावसायिक खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. फायनलला पहिला सेट २-६ गेला होता! दुसरा ६-३ आणि मग तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक, तो १०-४. बोपण्णा ४३ वर्षांचा, त्यामुळे लोकांनी सगळं श्रेय त्याला देऊन टाकलं. पण सामना परत बघा, समोरचे दोघं सगळे चेंडू ऋतुजाकडेच मारत होते, आणि दुसऱ्या सेटपासून ते चेंडू परत यायला लागले.

पूर्वी म्हणायचे, कॉलेजला गेलात की करिअर संपलं. आता बघा. डॅनियल कॉलिन्स व्हर्जिनिया विद्यापीठाची, २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला. एमा नवारोही व्हर्जिनियाचीच, २०२४ ला यूएस ओपनच्या सेमीफायनलला. आणि आपल्या चर्चेला सगळ्यात जवळची म्हणजे जॅनिस त्जेन. इंडोनेशियाची. इंडोनेशियात टेनिसचा पैसा आपल्यापेक्षा जास्त आहे असं कुणी म्हणणार नाही. ती ओरेगन आणि मग पेपरडाइनला कॉलेज खेळली, तिथून बाहेर पडून छोट्या आयटीएफ स्पर्धा धडाधड जिंकत सुटली आणि २०२५ च्या यूएस ओपनमध्ये पात्रता फेरीतून येऊन कुदेरमेतोवाला हरवलं. त्याच वर्षी एकेरीची पहिली डब्ल्यूटीए २५० स्पर्धा जिंकली. कुठे? चेन्नईत! आपल्या अंगणात येऊन.

लकडीपूल
+१. त्जेनचं उदाहरण मला या धाग्यात मिळालेलं सर्वात पटणारं. कारण फिलिपिन्सच्या ॲलेक्झांड्रा ईआलाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ती तेराव्या वर्षी मायोर्काला नदालच्या अकादमीत गेली, आपल्याला कुठे परवडतं. त्जेनबाबत ही पळवाट नाही.

तिरकस_तात्या
पळवाट आहे. पेपरडाइन समुद्रकाठी आहे. आपल्याकडे मुठा. कॅनॉलही आहे म्हणा.

बार्शीचा_पाव्हणा
पुणेकरांनो, तुमच्या पुण्याच्या बाहेर पण महाराष्ट्र आहे बरं का. प्रार्थना ठोंबरे, बार्शीची. २०१४ ला इंचॉनच्या आशियाईत सानियाबरोबर कांस्य, २०१६ ला रिओ ऑलिंपिक. बार्शीत टेनिस म्हणलं की लोकं टेनिस बॉल क्रिकेट समजत्यात, त्या गावातनं ऑलिंपिकला! तिला हैदराबादला जाऊन सराव करावा लागला. मग सांगा, पुणं जवळ असून का न्हाई?

नळस्टॉप
पाव्हणे, स्वागत. आणि प्रश्न झोंबला.

डबलफॉल्ट
एक अवांतर. एप्रिल २०२५ ला बालेवाडीला बिली जीन किंग कप झाला तेव्हा गेलेलं कुणी आहे का इथे? मी गेलो होतो. श्रीवल्ली भामिदिपाटी अशी खेळत होती की मी ऑफिसला खोटं सांगून दुसऱ्या दिवशी परत गेलो. पाचही एकेरी जिंकल्या तिनं! शेवटी कोरियाला २-१ हरवून भारत प्ले-ऑफला. पण स्टँडमध्ये माणसं किती? माझ्या रांगेत मी आणि एक आजोबा. आजोबांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि विचारलं, "क्रिकेटचं काही आहे का इकडे?"

पर्वतीपायथा
बालेवाडीला जायचं म्हणजे सुट्टी काढून प्रवासाला निघाल्यासारखं. पर्वतीहून बस बदलत जा, पार्किंगला वळसा घाला, आत खायला काही नाही. डेक्कन जिमखान्यावर स्पर्धा असते तेव्हा बघा, लोक सहज डोकावतात. बाहेर भाजी घ्यायला आलेल्या बायका कुंपणातून दोन गेम बघून जातात.

खडूस_काका
खायला काही नाही म्हणून टेनिस बुडालं. पुण्यातच ऐकायला मिळणार हे.

डबलफॉल्ट
काका, मिसळ ठेवा, कोर्ट नंबर एक हाउसफुल करून दाखवतो.

*(इथे मिसळ कुठली यावर एकोणीस प्रतिसाद आले होते, ते पाककृती विभागात हलवले आहेत. – संपादक)*

लकडीपूल
मूळ मुद्द्यावर. घरच्या मैदानावरच्या मोठ्या स्पर्धा. मला हाच कळीचा मुद्दा वाटतो. पुण्यात पुरुषांची एटीपी २५० पाच वेळा झाली, २०१८ ते २०२३ मध्ये, बालेवाडीलाच. केव्हिन अँडरसन इथे जिंकून गेला. मुलींसाठी काय? डब्ल्यूटीए पुण्यात कधी आलंच नाही.

बॅकहँडबाई
आलं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये. रॉयल इंडियन ओपन, डब्ल्यूटीए १२५ दर्जाची, बालेवाडीलाच. फायनलला कोण होतं माहितीये? एका बाजूला ४२ वर्षांची किमिको दाते आणि दुसऱ्या बाजूला १८ वर्षांची एक युक्रेनियन मुलगी. ती मुलगी जिंकली. तिचं नाव एलिना स्वितोलिना.

सुमेधा_ज
काय सांगता! जगात तिसरी झाली ती स्वितोलिना? विम्बल्डनच्या दोन सेमीफायनल खेळलेली?

बॅकहँडबाई
तीच. पुण्यात ट्रॉफी उचलून गेली आणि गावाला पत्ता नाही. नंतर ती स्पर्धा पुण्यात परत झाली नाही. लकडीपूल, तुमचा मुद्दा त्यामुळे खोटा पडत नाही, उलट जास्त टोचतो. स्वितोलिनाला १८ व्या वर्षी जे गुण पुण्यात मिळाले ते मिळवायची संधी पुण्याच्या मुलीला दरवर्षी घरून डबा घेऊन जाऊन मिळाली असती.

लकडीपूल
म्हणजे मी म्हणतो ते बरोबर, फक्त पुरावा चुकला. चालेल.

तिरकस_तात्या
लकडीपूल वकील आहेत का?

म्हातारा_मार्कर
मी या साइटवर फार लिहीत नाही, नातवानं टाइप करून दिलंय. मी अनेक वर्षं क्लबवर मार्कर होतो. मेंबर लोकांशी खेळायचं, लहान पोरांना चेंडू टाकायचे, पाऊस पडला की कोर्ट सुकवायचं.

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. पुण्यात जून ते सप्टेंबर मुलांचा खेळ अर्धा होतो. सर आली की सगळे शेडमध्ये. थांबली की आम्ही स्पंजचा रोलर घेऊन रेषेपासून सुरुवात करायचो, कारण रंगवलेली रेषा सगळ्यात शेवटी सुकते आणि पोर घसरतं ते रेषेवरच. निम्मं कोर्ट सुकतं तोवर परत सर. चेंडू भिजला की जड होतो, केस फुगतात त्याचे, पोरं जोर लावून मारतात आणि खांदा दुखवून घेतात. मी भिजके चेंडू बाजूला काढायचो तर पालक म्हणायचे, नवा डबा का फोडला.

छप्पर घातलेली कोर्टं असतील तर वर्षाचे तीन-चार महिने वाचतील. एवढंच मला कळतं.

आणि सर्व्हिस. आपल्या मुली मागून दिवसभर खेळतील, दमणार नाहीत. पण दुसरी सर्व्हिस हलकी पडते. समोरची एक पाऊल आत येऊन उभी राहते तेव्हाच समजायचं. चेंडू वर टाकायचाच सराव वेगळा करून घ्यायला लागतो, रॅकेट न मारता. टाकायचा आणि खाली पडू द्यायचा, पुढच्या पायाच्या पुढे पडला पाहिजे. मुलांना कंटाळा येतो. सरांना पण येतो.

बॅकहँडबाई
काका, दंडवत. दुसऱ्या सर्व्हिसचं लाखातलं बोललात. आंतरराष्ट्रीय पातळीवर आपल्या मुलींचे सामने तिथेच निसटताना मी बघितलेत.

गार्गीची_आई
मार्करकाका, टॉसचं आजच मुलीला वाचून दाखवलं. तोंड वाकडं केलं, पण गच्चीवर गेलीय चेंडू घेऊन.

अश्वत्थ
सगळे सानियाला विसरलात. सानियाच्या वेळी कुठल्या सोयी होत्या? २००५ मध्ये हैदराबाद ओपन जिंकली, त्याच वर्षी यूएस ओपनच्या चौथ्या फेरीत. २००७ ला एकेरीत २७. पुढे मनगटाची शस्त्रक्रिया आणि तरी दुहेरीत जगात पहिली, सहा ग्रँड स्लॅम. गुणवत्ता असेल तर सगळं होतं. सोयी-बियी सगळ्या सबबी.

लकडीपूल
अश्वत्थ, एक सानिया झाली म्हणजे रस्ता झाला असं नाही. सानिया २७ वर गेली ते २००७ ला. त्यानंतर एकेरीत पहिल्या शंभरात दुसरी कोण? तिच्याआधी निरुपमा वैद्यनाथन १९९८ ला ऑस्ट्रेलियन ओपनचा एक सामना जिंकली तर ती बातमी होती. दोन अपवाद दाखवून नियम सिद्ध होत नाही.

आणि हैदराबाद ओपनचं म्हणाल तर ती डब्ल्यूटीए स्पर्धा तिच्या घरच्या गावात होती! माझाच मुद्दा.

अश्वत्थ
तुम्हाला सगळीकडे तुमचाच मुद्दा दिसतो.

तिरकस_तात्या
वकीलच आहेत. पॉपकॉर्न आणतो.

नळस्टॉप
सानिया निघालीच आहे तर टोकियो ऑलिंपिकची दुहेरी आठवून घ्या. सानिया-अंकिता, युक्रेनच्या किचेनोक जुळ्या बहिणींविरुद्ध. पहिला सेट ६-०. दुसऱ्यात सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस हातात. तिथून टायब्रेक गेला तो शून्यावर, आणि सुपर टायब्रेक ८-१०. मी ऑफिसात मोबाइल टेबलाखाली धरून बघत होतो. शेजारचा म्हणाला, "काय रे, बरं नाही का?"

पर्वतीपायथा
त्या दिवशी मीही बघत होते. काही सामने आठवू नयेत असे असतात, त्यातला तो.

सुमेधा_ज
धागा मूळ प्रश्नाकडे आणायचा प्रयत्न करते. पुढची मुलगी कोण? वैष्णवी आडकरचं नाव अजून कुणीच घेतलं नाही, आश्चर्य आहे. पुण्याची. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य. या स्पर्धेत भारताला टेनिसचं पदक त्याआधी एकदाच, १९७९ मध्ये नंदन बाळना रौप्य. तेही पुण्याचे. म्हणजे दोन्ही पदकं पुण्याकडे, आणि आपण इथे बसून १६० जास्त की कमी करतोय.

अटलांटाकर
ही बातमी मला इथे बसून कळली होती, पुण्यातल्या भावाला नव्हती.

बॅकहँडबाई
मी बालेवाडीला वैष्णवीला बघितलंय. डोकं थंड आहे. पण सुमेधा, आपली एक खोड आहे, मुलगी एक पदक घेऊन आली की लगेच तिच्या डोक्यावर १०० ची पाटी लावतो. मग ती १८० वर राहिली की परत कट्ट्यावर तेच वाक्य.

मला विचाराल तर अंकिताची चढण बघताना एक गोष्ट दिसते. ती २०० च्या आत आली तेव्हा २५ वर्षांची होती, १६० ला २७. म्हणजे उशिरा, हळूहळू. आपल्याकडे मुलगी २३ ची झाली की घरात दुसरेच विषय सुरू होतात, प्रायोजकही १६-१७ च्या ज्युनिअर मुली शोधतात. इटलीची पाओलिनी २८ व्या वर्षी एकाच मोसमात फ्रेंच आणि विम्बल्डन दोन्हींच्या फायनलला गेली. बाईचं टेनिस २५ नंतर फुलू शकतं. पण त्या वयापर्यंत तिला खेळत ठेवायला कुणीतरी पैसे घालायला हवेत. अंकिताला गुजरात सरकारच्या शक्तिदूत योजनेची मदत होती. पुण्यात राहायची, पैसे गुजरातचे.

छप्पर, सर्व्हिस, कॉलेज, घरच्या स्पर्धा, सगळं कबूल. पण माझं एक मत विचाराल तर १८ ते २५ ही सात वर्षं. त्यात मुलगी टिकली तर १०० अशक्य नाही. माझ्याबरोबर खेळणाऱ्या मुली माझ्यापेक्षा चांगल्या होत्या, त्यातल्या बहुतेक २१ पर्यंत थांबल्या. गुडघा फक्त माझाच गेला होता.

खडूस_काका
हा प्रतिसाद आवडला. तरीही डिग्री घ्यावी.

अटलांटाकर
काका, तेच तर म्हणतोय! त्या सात वर्षांतली चार कॉलेज देतं. उरली तीन.

लकडीपूल
आणि ती तीन वर्षं घरच्या डब्ल्यू १०० आणि १२५ मधून निघतात. मुंबईला १२५ सुरू झाली तर २०२५ मध्ये कोइम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन थेट सेमीफायनलला गेली. पात्रता फेरीतून येऊन! ती स्पर्धा परदेशात असती तर तिला प्रवेश तरी मिळाला असता का?

अश्वत्थ
परत तुमचाच मुद्दा.

बार्शीचा_पाव्हणा
मग ठरलं की. पुण्यात छप्पर घाला, स्पर्धा भरवा, बार्शीच्या पोरी आम्ही पाठवतो. राहायची सोय तेवढी बघा. पेठेत नको, दुपारी बेल वाजवता येत न्हाई.

गार्गीची_आई
पाव्हणे, पोरी पाठवा, आमच्याकडे उतरतील. दुपारीसुद्धा.

एक विचारायचं राहिलं. डेक्कनला आयटीएफची मुलींची स्पर्धा लागली की पात्रता फेरीचे सामने बघायला मुलीला घेऊन जायचंय. मुख्य ड्रॉपेक्षा पात्रतेतलं टेनिस दाखवा असं तिच्या सरांनी सांगितलंय. कुणी येणार आहे का?

बॅकहँडबाई
मी येते. सकाळचे पहिले सामने बघू, पात्रतेत दिवसाला पुष्कळ होतात. टोपी आणा, डेक्कनला दुपारी एका बाजूच्या स्टँडवर सावली नसते.

नळस्टॉप
मीही. मार्करकाका, नातवाला सांगा, तुम्हाला घ्यायला गाडी पाठवतो.

म्हातारा_मार्कर
गाडी नको. मी सायकलवर येतो. कोर्ट नंबर तीनच्या मागे बसा, तिथून सर्व्हिसचा टॉस नीट दिसतो.

तिरकस_तात्या
शेंगदाणे मी आणतो. क्रिकेटचं काही आहे का तिकडे?